पहिल्या प्रॅक्टिकलला नियम वाचून दाखवले, तरी मुलं सुरक्षित काम का करत नाहीत?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

नमस्कार. मी पदवीच्या मुलांची जैवतंत्रज्ञानाची प्रॅक्टिकल्स घेते. गेल्या आठवड्यात वर्गात जे झालं ते मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

प्लेटवर जिवाणू पसरवायचं प्रॅक्टिकल होतं. काचेचा स्प्रेडर अल्कोहोलमध्ये बुडवायचा, ज्योतीवरून न्यायचा, अल्कोहोल जळून गेलं की गार होऊ द्यायचा आणि मग प्लेटवर फिरवायचा. एका मुलीने पुरता न विझलेला स्प्रेडर परत अल्कोहोलच्या बीकरमध्ये घातला. बीकर पेटला. शेजारच्या मुलाने घाबरून फुंकर मारली आणि ज्योत उघड्या जर्नलकडे झुकली. मी पोचून बीकरवर वॉच ग्लास ठेवली, आग विझली. कुणाला काही झालं नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. टेबल आवरताना टेस्ट ट्यूब स्टँडच्या मागे टिश्यू पेपरचा वाळलेला बोळा सापडला. त्याला कल्चरचा, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचा, वास येत होता. मी ओरडले नाही, नुसतं विचारलं. एक मुलगा पुढे आला. आदल्या आठवड्यात त्याच्या हातून ई. कोलाय जिवाणू वाढवलेल्या ब्रॉथची (पोषक द्रवाची) नळी कलंडली होती. त्याने टिश्यूने टिपलं, बोळा मागे सारला आणि काम चालू ठेवलं. का नाही सांगितलंस, म्हटल्यावर उत्तर आलं, "मार्क जातील असं वाटलं."

याच मुलांना मी पहिल्या दिवशी वीस नियम वाचून दाखवले होते, समजले म्हणून सह्या घेतल्या होत्या. व्हायवात विचारलं तर सगळे नियम घडाघडा म्हणतात. मग हाताशी वेळ येते तेव्हा ते जातात कुठे? तुम्ही हे कसं शिकवता? जे शिकवतात, जे शिकताहेत, जे कंपनीत काम करतात, सगळ्यांनी लिहा.

काचनळी

मॅडम, मी शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून बाकाच्या या बाजूने लिहितो.

पहिल्या दिवशी नियम ऐकताना आम्ही लॅबमधली एकही वस्तू हाताळलेली नसते. "पेटता स्प्रेडर अल्कोहोलमध्ये घालू नका" हे वाक्य कळायला स्प्रेडर कसा दिसतो हे तरी माहीत हवं ना. नियम एका पानावर आणि प्रयोग दुसऱ्या पानावर असतो. परीक्षेला दोन्ही पानं वेगवेगळी पाठ होतात.

दुसरं म्हणजे, काय तपासलं जातं ते आम्हाला फार लवकर कळतं. एप्रन नसेल तर आत घेत नाहीत, म्हणून एप्रन प्रत्येकाकडे असतो, बटणं मात्र उघडी असतात. हात धुतले का, हे मला तीन वर्षांत एकदाही कुणी विचारलेलं नाही. शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांना जर्नलवर सही हवी असते. त्या घाईत टेबल पुसायचं राहतं, ग्लोव्ह्ज घातलेल्या हातानेच जर्नल बॅगेत जातं. आम्ही निष्काळजी आहोत म्हणून नाही, सही महत्त्वाची असते म्हणून.

आणि लपवण्याबद्दल. मी पण लपवलंय. पहिल्या वर्षी पिपेट तिरका धरला आणि द्रव आत बॅरलपर्यंत गेला. गुपचूप पुसून स्टँडला लावून ठेवला. पुढच्या बॅचने तोच वापरला असणार. आधी एका मुलाने फ्लास्क फोडला होता, त्याला सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. ते मी पाहिलं होतं.

जुना_सहायक

मी सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. मुलं गेल्यावर जे उरतं ते माझ्या हातात येतं, त्यामुळे माझं म्हणणं थोडं वेगळं आहे.

काही वर्षांपूर्वी धुवायच्या ट्रेमध्ये टिश्यूत गुंडाळलेलं स्काल्पेलचं पातं होतं. गुंडाळणाऱ्याने बहुतेक चांगल्या मनानेच गुंडाळलं असेल, कुणाला लागू नये म्हणून. मला ते दिसलं नाही. बोटात खोल गेलं. त्या पात्याला काय लागलं होतं हे सांगणारं कुणी नव्हतं, कारण कोणत्या बॅचचं हेच कळत नव्हतं. नंतरचे कित्येक दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत.

सुया, पाती, फुटकी काच हे सगळं जाड भिंतीच्या, न टोचणाऱ्या डब्यातच गेलं पाहिजे. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, दाबून भरायचा नाही. आणि सुईला टोपण परत लावायला जायचं नाही. बरीच बोटं तिथेच टोचली जातात. हे मुलांना माहीत असतं, पण तो डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला तर कुणी तिथवर जात नाही. डबा हाताच्या अंतरावर ठेवा, निम्मं काम होतं.

माझी एक सूचना आहे. वर्षातून एक प्रॅक्टिकल धुण्याच्या खोलीत घ्या. आपण टाकलेलं पुढे कुठे जातं, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) कोण भरतं, कुणाच्या हातात येतं, हे मुलांना बघू द्या. आमच्याकडे एका मॅडमनी हे केलं होतं. त्या वर्षी ट्रेमध्ये एकही पातं आलं नाही. मुलं मला नावाने हाक मारायला लागली, ते वेगळंच.

पेशीसंवर्धक

जुना_सहायक यांच्या प्रतिसादाला मनापासून सहमत. आणि काचनळीने जर्नलचं जे लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे असं मला वाटतं. का ते सांगतो.

ऑगस्ट २०१० ते जून २०११ या काळात अमेरिकेत साल्मोनेला टायफीम्युरियम या जिवाणूची एक साथ आली. ३८ राज्यांतले १०९ लोक आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. माग काढत गेल्यावर धागा पोचला सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांपर्यंत, त्यात शिकवण्याच्या प्रयोगशाळाही होत्या. जिवाणूचा तो वाण प्रयोगशाळांसाठी विकत मिळणारा होता. आजारी पडलेल्यांत काही लहान मुलं होती, ज्यांनी प्रयोगशाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. घरातलं मोठं माणूस तिथे शिकत किंवा काम करत होतं. पेन, वही, एप्रन, बॅग, फोन यांवरून जिवाणू घरी जाऊ शकतो, हे तेव्हा ठळकपणे पुढे आलं. त्यानंतर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेने खास शिकवण्याच्या प्रयोगशाळांसाठी सुरक्षिततेच्या सूचना काढल्या. तरीही २०१४ आणि २०१७ मध्ये तशाच, पण लहान साथी पुन्हा आल्या.

म्हणून आमच्याकडे टेबलावरचं पेन टेबलाचंच असतं, ते बाहेर जात नाही. निरीक्षणं सुट्या कागदावर, कागद प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात, आणि जर्नल बॅगेतून बाहेरच येत नाही. ते बाहेर बसून लिहायचं. हा एक बदल कुणालाही उद्यापासून करता येईल.

अजून एक जुना आकडा माझ्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. पाइक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये प्रयोगशाळेत झालेल्या संसर्गांची जवळपास ३९०० प्रकरणं एकत्र केली. त्यातल्या २० टक्क्यांहून कमी प्रकरणांत नेमका अपघात दाखवता आला. म्हणजे सांडलं, फुटलं, टोचलं असं काही बहुतेकांच्या लक्षातच आलं नव्हतं. अपघात झाला नाही म्हणजे संसर्ग झाला नाही, असं नसतं. पिपेटमधला शेवटचा थेंब जोरात फुंकला की बुडबुडा फुटतो. जिवाणू उचलायचा तारेचा ओला लूप एकदम ज्योतीत घातला की चर्र आवाज होतो. त्या आवाजासोबत न दिसणारे थेंब उडतात, त्यातले बारीक बराच वेळ हवेत राहतात. लूप आधी ज्योतीच्या कडेला धरून वाळू द्यायचा आणि मग लाल करायचा, हे मुलांना त्या आवाजासकट शिकवावं. आवाज लक्षात राहतो.

बीजाणू

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

पदवीच्या प्रयोगशाळेत साधारणपणे ई. कोलायचे के-१२ घराण्यातले वाण वापरतात. ते निरोगी माणसाच्या आतड्यात धड टिकाव धरत नाहीत. साल्मोनेलाच्या साथीच्या गोष्टी सांगून मुलांच्या मनात भीती घातली तर हात थरथरतात, आणि थरथरत्या हातानेच जास्त सांडतं. मला स्वतःला पहिल्या वर्षी इतकं घाबरवलं होतं की बर्नर पेटवायला मी मित्राला सांगायचो. नियमही इतके असतात की त्यातला कोणता जिवावर बेतणारा आणि कोणता टापटिपीचा, हे समजत नाही.

दाखवायचंच असेल तर डोळ्यांना दिसेल असं दाखवा. आम्हाला सेराशिया मार्सेसेन्स हा जिवाणू देऊन दाखवलं होतं. लाल वसाहती येतात, त्यामुळे कोणाच्या हातावरून कुठे गेलं ते दुसऱ्या दिवशी प्लेटवर स्पष्ट दिसतं. तो तास मी अजून विसरलेलो नाही.

पेशीसंवर्धक

बीजाणू, तुमचा पहिला मुद्दा मला पटतो, दुसऱ्याला मात्र माझा विरोध आहे.

सेराशिया निरुपद्रवी आहे असं बराच काळ मानलं जायचं. १९०६ मध्ये गॉर्डन या ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञांनी त्याच्याच द्रवाने गुळण्या करून ब्रिटनच्या संसदेच्या रिकाम्या सभागृहात मोठ्याने उतारे म्हटले होते, बोलताना जंतू किती लांब जातात ते पाहायला. १९५० मध्ये अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोवर समुद्रातून त्याचा फवारा सोडला, तोही निरुपद्रवी समजूनच. आज आपल्याला माहीत आहे की प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसात तो मूत्रमार्गाचे, फुप्फुसांचे, रक्ताचे गंभीर संसर्ग घडवतो. वर्गातल्या कुणाची प्रतिकारशक्ती कमी आहे, कोण कुठली औषधं घेतंय, हे शिक्षकाला माहीत नसतं. माहीत असावं असा आग्रहही धरता येत नाही.

याचं सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण शिकागोचं. माल्कम कॅसाडाबान हे आनुवंशशास्त्रज्ञ तिथे प्लेगच्या जिवाणूच्या दुर्बळ केलेल्या वाणावर काम करत होते. हा वाण दुर्बळ होता, कारण त्याला शरीरातून लोह नीट खेचून घेता येत नव्हतं. सप्टेंबर २००९ मध्ये त्याच वाणाच्या संसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनानंतर कळलं की त्यांना हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आजार. जिवाणूत जी उणीव मुद्दाम ठेवली होती ती त्यांच्या शरीराने भरून काढली, असं मानलं जातं. त्यांना स्वतःलाही तो आजार असल्याचं माहीत नव्हतं.

"हा वाण निरुपद्रवी आहे" या वाक्याच्या पुढे नेहमी "बहुतेकांना" हा शब्द असतो, तो मुलांना ऐकू आला पाहिजे. ही भीती नाही, माहिती आहे. दाखवण्यासाठी अतिनील दिव्याखाली चमकणारी पावडर मिळते. ती एका नळीच्या बाहेरून लावायची, कुणाला सांगायचं नाही, तासभर नेहमीसारखं काम करू द्यायचं. मग खोलीतले दिवे घालवून तो दिवा फिरवायचा. दाराची मूठ, चष्म्याची काडी, फोन, कपाळ, सगळं चमकतं. लाल वसाहतींसारखी दुसऱ्या दिवसाची वाटही पाहावी लागत नाही.

आणि मानवी पेशींकडे वळणाऱ्यांसाठी एक, कारण हे फार थोडे शिकवतात. स्वतःच्या पेशी किंवा स्वतःचं रक्त घेऊन संवर्धनाचे, जनुक घालण्याचे प्रयोग करू नयेत. दुसऱ्याची पेशी चुकून टोचली गेली तर शरीर तिला परकी म्हणून ओळखतं. स्वतःचीच बदललेली पेशी परत आत गेली तर ती तशी ओळखली जाईल याची खात्री नाही. मुलं उत्साहाने म्हणतात, माझ्याच गालाच्या पेशी वाढवू या. डीएनए काढून पाहायला हरकत नाही, वाढवायला आहे.

बीजाणू

पावडरची कल्पना आवडली. सेराशियाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो, हे मला माहीत नव्हतं. नियमांच्या गर्दीबद्दलचं म्हणणं मात्र कायम ठेवतो.

किण्वक

मी कंपनीत किण्वन विभागात आहे. नवीन मुलं आमच्याकडे येतात तेव्हा पहिले तीन महिने त्यांच्या सवयी सोडवण्यात जातात. बीजाणूंचं बरोबर आहे. सगळंच धोकादायक म्हटलं की काहीच धोकादायक वाटत नाही. इथिडियम ब्रोमाइडचं घ्या. डीएनए दिसावा म्हणून जेलला हा रंग लावतात, तर मुलं त्याच्या बाटलीला साप असल्यासारखी लांब राहतात. पेशींच्या चाचण्यांत तो उत्परिवर्तन घडवतो, तेव्हा जपायला हवंच. पण तीच मुलं जेल बघताना ट्रान्सइल्युमिनेटरवर (जेलखालच्या अतिनील दिव्याच्या पेटीवर) झाकण न लावता वाकतात. अतिनील किरणांनी डोळे आणि चेहरा त्याच दिवशी भाजतो. ग्लोव्ह आणि बाही यांच्यामधली मनगटाची पट्टी भाजून आलेली मी कितीतरी मुलं पाहिली आहेत. जिथे जमेल तिथे निळ्या प्रकाशावर चालणारी रंगद्रव्यं वापरावीत, दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात.

आमच्याकडे निर्जंतुकीकरणाच्या बाबतीत तीन गोष्टी नव्याने शिकवाव्या लागतात. ७० टक्के अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा जास्त चांगलं मारतं, कारण प्रथिनं विस्कटायला पाणी लागतं. "अजून कडक करू" म्हणून कुणी शुद्ध ओततं, ते झटकन उडून जातं आणि काम अर्धवट राहतं. जिवाणूंच्या टणक कवचातल्या बीजाणूंवर मात्र दोन्ही फारसं चालत नाही. (बीजाणू, तुमच्या नावाचा इथे संबंध नाही!) दुसरं, फवारलं आणि लगेच पुसलं याला निर्जंतुक करणं म्हणत नाहीत, द्रावणाला वेळ द्यावा लागतो. सांडलेल्या कल्चरवर आधी कागद टाकायचा, त्यावर कडेकडून आत असं पातळ केलेलं ब्लीच ओतायचं आणि निदान वीस मिनिटं हात लावायचा नाही. तिसरं, पातळ केलेलं ब्लीच दिवसागणिक निकामी होत जातं. बाटलीवर तारीख नसेल तर ते टाकून द्यायचं.

जुनं जंतुनाशक हा कागदोपत्री मुद्दा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी लानचौ आठवावं. चीनमधल्या त्या शहरात २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ब्रुसेला या जिवाणूवरची लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. बाहेर पडणाऱ्या हवेतले जिवाणू नीट मेले नाहीत. पुढे दहा हजारांहून अधिक लोक बाधित निघाले. बहुतेकांचा त्या कारखान्याशी काही संबंध नव्हता.

आणि एक धोका डीएनए काढायच्या किटमधला, जो पुस्तकातल्या नियमांत क्वचित सापडतो. त्या किटच्या काही बफरमध्ये ग्वानिडिनचे क्षार असतात. सगळं टाकाऊ द्रव एकाच जारमध्ये जमा करायची आणि त्यात ब्लीच घालायची सवय असेल, तर त्यातून विषारी वायू निघतो. जार वेगळा ठेवा, वर मोठ्या अक्षरात लिहा. ब्लीच घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये नको, हेही तिथेच लिहा.

काचनळी

किण्वक सर, ग्वानिडिनचं आज पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे एकच जार आहे आणि त्यात ब्लीच असतं. उद्या जाऊन मॅडमना सांगतो.

एक प्रश्न विचारू का? लॅमिनार कपाटात काम करताना मला अगदी सुरक्षित वाटतं, काच आहे, हवा गाळलेली आहे. ते बरोबर आहे ना?

पेशीसंवर्धक

नाही, आणि विचारलंस ते फार बरं केलंस. ही गैरसमजूत मला पीएचडीच्या मुलांतही दिसते. आडव्या प्रवाहाच्या लॅमिनारमध्ये गाळलेली हवा मागून येते, प्लेटवरून जाते आणि थेट तुझ्या तोंडावर येते. ती व्यवस्था प्लेटला तुझ्यापासून वाचवते, तुला प्लेटपासून नाही. वनस्पतींचं ऊतिसंवर्धन, पोषक माध्यम ओतणं यासाठी ती ठीक आहे. रोगकारक जिवाणू किंवा मानवी पेशी असतील तर दुसऱ्या वर्गाची जैवसुरक्षा कॅबिनेटच लागते. तिच्यात हवा पुढच्या जाळीतून आत ओढली जाते आणि गाळून सोडली जाते. पुढच्या जाळीवर वही ठेवली की ते संरक्षण तिथेच मोडतं. एक अगरबत्ती किंवा धुराची नळी तोंडाशी धरून दोन्ही यंत्रांपुढचा धूर कुठे जातो ते एकदा बघ. मी व्याख्यानाऐवजी तेच करतो. दाखवताना आत काही उघडं नको आणि जवळ अल्कोहोल नको, एवढंच.

जुना_सहायक

ऑटोक्लेव्हचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

१२१ अंश, १५ पौंड, १५ मिनिटं एवढं सगळ्यांना पाठ असतं. ती पंधरा मिनिटं माध्यमासाठी. टाकाऊ मालाच्या गच्च पिशव्यांना तेवढी पुरत नाहीत, आम्ही तासभर ठेवतो, आणि पिशवीचं तोंड ढिलं ठेवतो. आत हवा कोंडून राहिली तर वाफ तिथे पोचत नाही. पिशवीला लावलेल्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे आतले जंतू मेले, असं मुलं समजतात. टेप एवढंच सांगते की बाहेरून उष्णता लागली. मेले की नाही, ते बीजाणूंची कुपी आत ठेवून मग उबवून बघितल्यावर कळतं.

आणि झाकण उघडण्याची घाई. दाब शून्यावर आला तरी बाटलीतलं माध्यम उकळबिंदूच्या वर असू शकतं. ते स्थिर दिसतं. हलवलं की एकदम उसळून वर येतं. म्हणून बाटल्या दोन तृतीयांशच भरायच्या, बुचं सैल ठेवायची, झाकण उघडताना बाजूला उभं राहायचं, आणि थोडा वेळ तशाच राहू द्यायच्या. मायक्रोवेव्हमध्ये अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) वितळवतानाही हेच. बूच घट्ट असेल तर ती बाटली म्हणजे बॉम्ब.

सेंट्रिफ्यूजबद्दल एकच. समोरासमोरच्या नळ्या पातळी बघून नाही, वजन करून जुळवा. एका नळीत अल्कोहोल आणि समोरच्या नळीत तेवढंच पाणी ठेवलं तर पातळी सारखी दिसते, वजन नसतं. यंत्र थरथरायला लागलं की वीज बंद करायची, झाकणावर हात ठेवून दाबून धरायचं नाही. मी तेही पाहिलंय.

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनाभराने परत लिहितेय, कारण मध्ये करून बघायचं होतं.

पहिल्या दिवसाचं नियमवाचन मी बंद केलं. आता प्रत्येक प्रॅक्टिकलच्या आधी आम्ही सात-आठ मिनिटं फक्त त्या दिवसाचं बोलतो. मी सांगत नाही, मुलांना विचारते, आज काय काय बिघडू शकतं? जेल चालवायच्या दिवशी एका मुलीने सांगितलं, वीज चालू असताना झाकण उघडलं तर. दुसरा म्हणाला, जेल बनवायचं अॅक्रिलामाइड न गोठलेलं असतं तेव्हा जास्त विषारी असतं, म्हणून सांडलं तर आत्ताच पुसायला हवं. हे मी शिकवलेलं नव्हतं, त्याने आदल्या रात्री वाचलं होतं. बीजाणूंचा मुद्दा लक्षात ठेवून आम्ही फळ्यावर दोन रकाने करतो. एकात जिवावर किंवा डोळ्यांवर बेतणारं, दुसऱ्यात प्रयोग बिघडवणारं. कधीकधी कोणतं कुठल्या रकान्यात यावरून वाद होतो, आणि त्या वादातच खरं शिकणं होतं असं मला वाटायला लागलंय.

जर्नलवर सही आता टेबल पुसून, हात धुऊन झाल्यावर, खोलीच्या बाहेर. पहिल्या दिवशी मुलं चिडली. त्यासाठी प्रयोग पंधरा मिनिटं आधी संपवावा लागतो, म्हणजे मला एक भाग कापावा लागला. कोणता कापायचा यावर मी दोन रात्री विचार करत होते. बेसिनपाशी साबणच नसायचा, हे काचनळीचं वाचून मी जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं "हात धुवा" म्हणत होते आणि साबण आहे का ते बघितलं नव्हतं.

पावडरचा प्रयोग केला. सगळ्यात जास्त चमकली ती फोनची काच. ज्या मुलाने ब्रॉथ लपवलं होतं तो बराच वेळ स्वतःच्या फोनकडे बघत उभा होता. मग म्हणाला, घरी माझी लहान भाची यावर गाणी बघते. मी काहीच बोलले नाही.

जे जमलं नाही ते पण सांगते. "थोडक्यात वाचलं" अशी एक वही ठेवली, चूक झाली किंवा होता होता राहिली की नाव न लिहिता लिहायची, मार्कांशी संबंध नाही असं जाहीर केलं. दोन आठवडे वही कोरी. मला फार वाईट वाटलं. मग एके दिवशी अगार वितळवताना माझ्याच हातून बूच घट्ट राहिलं, बाटली काढायच्या आत लक्षात आलं म्हणून वाचले. मी सगळ्यांसमोर वही उघडली आणि पहिली नोंद लिहिली, माझं नाव घालून. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार नोंदी झाल्या. आता एकवीस आहेत. सात नोंदी एकाच पिपेटबद्दल आहेत, त्याचा टिप-इजेक्टर (टिप सोडायचा खटका) अडकतो आणि मुलं बोटाने टिप ओढून काढतात. हे मला वर्षभर कळलं नसतं. तो पिपेट दुरुस्तीला गेला.

फोन अजून सुटत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, वेळ लावायला लागतो. आणि ते खरं आहे. जिवाणूंत डीएनए घालायचा (ट्रान्सफॉर्मेशन) तर नळ्या पाच मिनिटं बर्फात, ९० सेकंद ४२ अंशांवर, परत बर्फात. आमच्याकडे टायमर दोनच आहेत आणि बॅच वीस जणांची. फोन पारदर्शक पिशवीत घालून वापरू द्यावा, की अजिबात नको म्हणावं?

जुना_सहायक

मॅडम, पिशवी चालेल, पण ती पिशवी बाहेर जाताना दाराशीच कचऱ्यात गेली पाहिजे, आणि ते बघायला कुणीतरी उभं हवं. त्यापेक्षा भिंतीवर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ लावा, सगळ्या टेबलांवरून दिसेल असं. टायमर येण्याआधी आम्ही ट्रान्सफॉर्मेशन त्याच्यावरच करायचो. ९० सेकंद मोजायला एक मुलगा मोठ्याने आकडे म्हणायचा आणि सगळ्यांच्या नळ्या एकदम बर्फात जायच्या.

काचनळी

मॅडम, आमच्या लॅबमध्ये ग्वानिडिनचा वेगळा जार आला. वरचं लेबल मी लिहिलं.